नकलनवीस

चरित्र लिहिताय त्याचं? बसा.
स्टोव्हजवळच्या खुर्चीत नको, ती मांजराची.
मी त्याची बायको नव्हे, बहीण नव्हे,
तुमच्या वहीत तसं काही असेल तर आधी खोडा.
मी उर्शा. त्याने खरडायचं, मी उतरवायचं,
प्रत्येक वाद्याचं वेगळं, स्वच्छ.
पानाला दहा हेलर. नसले तर लाकडं.

आमच्या इद्रियात सगळं पाऱ्यावर चालायचं.
येर्नेयचा बाप सतरा वर्षं खाणीत उतरला
आणि वर आला तो थरथरत.
रश्शाचा चमचा ताटलीतून भरून निघायचा,
ओठाशी पोचेतो निम्मा.
निम्मा सदऱ्यावर.
बाकीची पोरं हसायची.
येर्नेय मोजायचा.

आई लेस विणायची.
मांडीवर गोल उशी, तिच्यावर लाकडी टिपऱ्या,
टक, टक-टक, टक,
आणि एक चुकली की पुन्हा सगळं उलटं, मागे मागे.
व्हिएन्नात तो सांगायचा, मी ऑर्गनवर शिकलो.
ऑर्गन! त्याच्या भात्याला भोक होतं
आणि पाद्री नाताळखेरीज कुणाला हात लावू देत नसे.

व्हिएन्नाची सात वर्षं तुम्हाला माझ्याहून ठाऊक असतील.
ऑपेरा दोन रात्री झाला.
दुसऱ्या रात्री थिएटरच्या भट्ट्या विझल्या,
लोकांनी कोट काढले नाहीत, हातमोजेही नाहीत.
तो म्हणायचा, टाळ्या अशा वाजल्या, उर्शा,
जसा छपरावरून बर्फ घसरतो.
वाईट वाटून नाही हं, आवडल्यासारखा म्हणायचा.

परत आला तेव्हा खिशात एक कात्रण होतं.
कुणी टीकाकाराने लिहिलेलं,
व्हायोलांच्या त्या कंपनात रानातला वारा ऐकू येतो.
मी तेव्हा त्याची पानं नुकतीच हाती घेतलेली.
म्हटलं, वारा कसला?
रस्सा सांडतोय.
त्या दिवशी त्याने मला नाव विचारलं.

सिंफनी आम्ही प्रकाशकाला पाठवली, तीनशे बारा पानं.
गठ्ठा मी बांधला, दुहेरी गाठ, वर लाख.
पाच महिन्यांनी परत आला.
नकाराचं पत्र सुरेख होतं, 'सखोल अभ्यासान्ती' वगैरे.
गाठ माझीच होती. लाखही.
त्याला मी सांगितलं नाही.
पोस्टातच फुटलं असं म्हणून कात्रीने दोरी कापली,
त्याच्याकडे पाठ करून.

मग लढाई. मग सरहद्द आमच्या डोक्यावरून पुढे सरकली
आणि शाळेत, चौकात, देवळात दुसरी भाषा आली.
आमची गाणी बंद.
येर्नेयने वृंदासाठी एक रचना केली, शब्दच नाहीत,
चाळीस माणसं ओठ मिटून.
ठाणेदार पहिल्या रांगेत बसला,
शेवटपर्यंत कागदावर लिहायला त्याला काही सापडलं नाही.
लोहार ब्लाझ खालच्या सुरात होता,
त्याचं नाक गळत होतं, पुसताही येईना.

तुम्ही त्या शेवटच्या चौकडीसाठी आलात ना?
माहीत होतं.
तो खाणीत एक दिवस उतरला नव्हता,
तरी साठीनंतर त्याचा हात बापासारखा झाला.
स्वर रेघेवर बसेनात.
एकेक टिंब दोन रेघांच्या मध्ये लोंबकळायचं,
आणि विचारावं तर तो डोळे मिटून म्हणायचा,
तुला दिसतंय तसं लिही.

मग मी लिहिलं.
कुठे खाली घेतलं, कुठे वर.
एका जागी तीन रात्री काढल्या,
चौथ्या रात्री आईची टिपरी काढून टेबलावर वाजवून बघितली.
ते तुमच्या पुस्तकात कोणत्या प्रकरणात बसेल
मला सांगता येणार नाही.

त्या पानांचे पैसे? दिले की.
त्याच्या पुतणीने, मयताच्या दुसऱ्या दिवशी, पूर्ण.
मोजून घेतले मी.

जपून उतरा, तिसरी पायरी हलते.