सर्वांत जवळचा ओला चौकोन

रामबागेतल्या आमच्या गॅलरीतून
समुद्र दिसत नाही. दिसते पाण्याची टाकी,
तिच्यावरची कबुतरं
आणि बक्षींचा वाळत घातलेला सदरा.
तरी गेली चार वर्षं मी समुद्राच्याच नोकरीत आहे.

गोव्याहून फडते मॅडम यादी पाठवतात:
एकशे सत्तर ठिकाणं, अक्षांश, रेखांश, महिना.
यादी मी सॉफ्टवेअरच्या तोंडी देते.
चहा निवेपर्यंत ते ती चघळतं,
मग एकेका ठिकाणाखाली उतरत जातं,
शून्य मीटर, दहा, वीस, पन्नास,
इथे इतकं तापमान, इतका खारटपणा, इतका प्राणवायू.
हजार मीटरखाली आकडे
एकमेकांसारखे दिसायला लागतात,
म्हाताऱ्या भावंडांसारखे.

हा कुठल्याच एका दिवसाचा समुद्र नव्हे.
कित्येक बोटींनी कित्येक वर्षं
दोराला बाटल्या बांधून वर काढलेलं पाणी,
त्याची सरासरी.
असा ऑगस्ट कधी झालाच नाही,
आणि दर ऑगस्टला त्याच्याशीच ताडून बघतात.
आमच्याकडे थोरल्या काकांचं असंच होतं:
सांगतात तसे ते कुणालाच भेटले नव्हते,
पण आम्हा पोरांचं मोजमाप त्यांच्यावरून.

परवा पहाटे यादी संपली. झोप उडालेली.
गंमत म्हणून मी आमचंच ठिकाण भरलं,
बावीस पूर्णांक सात, पंच्याहत्तर पूर्णांक शहाऐंशी,
महिना मार्च.
उत्तर आलं: उणे नव्याण्णव.
खालीही उणे नव्याण्णव. पार तळापर्यंत.
म्हणजे थंडी नव्हे. म्हणजे फक्त, जमीन.
पहिल्या वर्षी हाच आकडा मी सरासरीत धरला होता
आणि अख्खा अरबी समुद्र गोठवला होता.
फडते मॅडम फोनवर बराच वेळ हसल्या,
मग म्हणाल्या, नसण्याची बेरीज करायची नसते गं.

खाली एक पर्याय असतो:
सर्वांत जवळचा ओला चौकोन घ्यायचा का?
मी हो म्हटलं.
ठिपका पश्चिमेला सरकला, धार सोडून, झाबुआ सोडून,
खंभातच्या आखातात जाऊन टेकला.
सव्वीस अंश.
खारटपणा शेजारच्या चौकोनापेक्षा किंचित कमी.
का कमी, ते सॉफ्टवेअर सांगत नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कैलासने व्हॉल्व्ह फिरवला.
खालून कुणीतरी ओरडलं, नल आ गए!
एक दिवसाआड येणारी नर्मदा
जलूदहून घाट चढून दमलेली,
आधी पाइपात खोकली,
मग बादलीत पडली.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले.
ही तिकडेच तर निघाली होती,
त्याच चौकोनाकडे, आपला गोडवा घेऊन.
आम्ही वाटेत पंप लावून तिला वर ओढली:
माझ्या दोन बादल्या,
बक्षींचा सदरा,
कैलासची मोटारसायकल, जी तो नळाखालीच धुतो.
तेवढं मीठ तिकडे वाढलंच असणार.
दशांशाच्या कुठल्याच घरात ते मावायचं नाही,
पण वाढलं असणार.

फाइल पाठवताना इंदूरची ओळ खोडवेना.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
जमीन. सध्या नळ चालू.

दुपारी मॅडमचा निरोप आला,
एकशे एकाहत्तरावं कुठलं?