डावीकडून चौथं

मंगळवारी रात्री वागुर गाव झोपलं होतं.
फॅरो बेटांवरचं धुकं, बंदरावर दोन दिवे,
आणि मासळी कारखान्याच्या ऑफिसात
बंद करायचा राहिलेला एक कॉम्प्युटर.
तेवढ्यात कुणीतरी येऊन गेलं.
कुलूप शाबूत, जमिनीवर चिखलाचं पाऊल नाही,
चोरी म्हणावी तर गेलं काहीच नाही.

पहाटे साडेपाचला रानव्हा आली.
एकोणीस वर्षं ती लिलावात बोली लावते,
ह्याच खुर्चीतून, ह्याच ब्राउझरमधून.
त्याची वरची पट्टी तिला तोंडपाठ होती.
तोंडपाठ कसली,
तोंडाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
हाताला ठाऊक होतं:
डावीकडून चौथं म्हणजे लिलाव,
पाचवं भरती-ओहोटी, सहावं बँक,
आणि पार टोकाला, जरा अंग चोरून,
कोपनहेगनच्या इस्पितळाचं पान,
जिथे ट्रोन्दुरच्या रक्ताचे आकडे गुरुवारी उमटतात.

आज पट्टीच नव्हती.
नावं पुसलेली, नुसती चित्रं,
तीन टिंबं, एक कोड्याचा तुकडा,
सगळे कोपरे गोल,
झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे.
आणि मधोमध हसरी पाटी:
तुमच्यासाठी आवरून ठेवलंय!

रानव्हाच्या तोंडून जे निघालं
ते मी इथे लिहीत नाही.

आवरून?
कुणी सांगितलं होतं आवरायला?
पाहुणाही मिठाचा डबा भलत्याच फळीवर ठेवून जातो,
पण पाहुण्याला चेहरा असतो,
पुढच्या खेपेला त्याला बोलता येतं.
इथे कोपऱ्यात एक बटण होतं, मत कळवा म्हणून.
तिने दाबलं.
किती आवडलं? एक ते पाच तारे.
शून्य नव्हतं.

सहा वाजून चौदा मिनिटं.
हॅडॉकच्या चौऱ्याऐंशी पेट्या, भाव उतरत चाललेला,
अजून थोडा, अजून थोडा, आता!
हात गेला तिथेच, डावीकडून चौथ्या जागी,
जिथे कालपासून फुली बसली होती.
सगळं मिटलं.
परत उघडेपर्यंत पेट्या
तोर्सहाव्नच्या कुणा माणसाच्या झाल्या.

मॅनेजर काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

दुपारी भाचा आला, बारदुर, बुटाला मेंढ्यांच्या लेंड्या.
सेटिंग उघडलं, सेटिंगच्या पोटातलं सेटिंग उघडलं.
जुनं परत आणायची एक खूण होती म्हणे,
ती मागच्या आवृत्तीपर्यंत होती.
"मावशी, दोन आठवडे. अंगवळणी पडतं."

ती काही बोलली नाही. चिकटपट्टी घेतली,
तुकडे कापून पडद्याच्या कडेला डकवले,
पेनाने लिहिलं: लिलाव. भरती. बँक. ट्रोन्दुर.
दाबून काही उघडत नव्हतं.
तरी बरं वाटलं, दोन दिवस.

आणि झालं बारदुर म्हणाला तसंच.
तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.
बाराव्या दिवशी हात आपणहून नव्या जागी गेला,
जसा कुत्रा नव्या धन्याच्या ताटलीकडे.
तिने हात मांडीवर उलटा करून पाहिला.
एकोणीस वर्षं.
बारा दिवस.

रविवारी ती ट्रोन्दुरच्या घरी गेली,
नळ गोठलेत का बघायला.
त्याचा कॉम्प्युटर फेब्रुवारीपासून झाकलेला.
का कोण जाणे, सुरू केला.
पट्टी होती! नावांसकट, चौकोनी कोपऱ्यांसकट,
त्याची त्याची रांग: हवामान, फुटबॉल,
विणकामाची लोकर (विणकाम? ट्रोन्दुर?).
तिचा हात उचलला आणि नव्या जागी आपटला,
तिथे काहीच नव्हतं.

खालून एक पाटी सरकत आली.
नवीन आवृत्ती तयार आहे. आता, की नंतर?
कधीच नाही, असं कुठे लिहिलं नव्हतं.

आता ती दर रविवारी जाते.
नळ सोडून बघते,
नंतर दाबते,
दार ओढून घेते.