पाय

नॉर्थम्बरलँडमधल्या आमच्या गावात
मंगळवारी रात्री दोनच दारं उघडी:
कमालभाईंचं करी हाउस, आणि बरोब्बर समोर
डोरीनबाईंकडे चीज-कांद्याचा पाय.
(बावीस वर्षं झाली, अच्युत अजून हसतो
या शब्दाला.)

तू ठरव, तो म्हणतो.
मला काहीही चालेल, म्हणते मी,
आणि जागची हलत नाही.

आज पायच हवाय. गरम, अळणी, गप्प.
पण कमालभाईंनी काचेतून हात केला,
खिडकीजवळचं टेबल पुसायला घेतलं.
मला फ्लू झाला तेव्हा न मागता
वरण पाठवलं होतं या माणसानं,
हिंग कुठून मिळवला कोण जाणे.
त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायचा?

फिरायला निघालोय असं दाखवत
पुलापर्यंत गेलो. चर्चला वळसा.
कोटाची कॉलर कानापर्यंत ओढून
मागच्या दारानं शिरलो डोरीनकडे.

कोपऱ्यात कमालभाईंचा थोरला, शफीक.
पुढ्यात अर्धा पाय,
शेजारी घरून आणलेली लोणच्याची बाटली.
आम्हाला बघून त्यानं ती हातानं झाकली,
मग जरा विचार करून
आमच्याकडे सरकवली.