चाळीस मिनिटं

उघडू नका लगेच, मी म्हणालो.
बाहेर उणे सत्तावीस. रात्रभर ट्रकमध्ये पडलेली गिटार
एकदम उबेत उघडली तर अंगावरचा रंग तडकतो,
कोळ्याच्या जाळ्यासारखा, डोळ्यांदेखत.
राहू दे पेटी बंद. चाळीस मिनिटं. कॉफी घेणार?

आइला लेहतोनेननं बूट काढले. मोजे ओले होते.
तळघरात अठरा ॲम्प्लिफायर भिंतीला पाठ लावून उभे,
टेबलावर सुट्या खुंट्या, खटके,
बिनमानेच्या दोन गिटारी, बिनधडाची एक मान.
दवाखान्यासारखं आहे, ती म्हणाली.
काहीजण खाटीकखाना म्हणतात, मी म्हणालो.
ती हसली नाही.

पेटीच्या मुठीला काळी चिकटपट्टी,
हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती.
शेवटचं टोक तिरकं, आत दुमडलेलं.
असं टोक मी दुमडतो.

भावाची आहे, ती सांगत होती. रेइयोची.
बंदरावर गव्हाच्या कोठारात कामाला होता,
दर शुक्रवारी फिनिश हॉलमध्ये वाजवायचा,
नाचणारे म्हातारे ओरडायचे, अरे जरा हळू लाव.
नोव्हेंबरात गेला.
तो म्हणायचा, घेतली तेव्हा विकणारा
आईची शपथ घेऊन बोलला होता:
सगळं मूळचं आहे, आतली तारसुद्धा कुणी हलवलेली नाही.

माझी आई तेव्हा जिवंत होती.

मूळचे पिकअप मी आधीच विनिपेगला विकले होते,
नऊशे डॉलरला. त्या पैशांतून भट्टी बदलली,
हीच, कोपऱ्यात धडधडतेय ती,
जिच्या उबेला ही पेटी ठेवली होती आम्ही.
आत बसवले ते नवे, स्वस्त,
चहाच्या पाण्यात भिजवून जुने केलेले.
स्क्रूंना व्हिनेगरनं गंज आणला होता. मन लावून केलं होतं काम.

बावीस मिनिटं.
तिनं दुसरा कप घेतला. मी साखर विचारायला विसरलो.

मग उघडली.
सिगारेटचा वास आधी, मग लोखंडाचा.
पाठीवर पट्ट्याच्या बक्कलनं घासलेलं, ते होतंच.
पण जिथं कोपर टेकतो तिथला रंग पार गेलेला,
तळहाताएवढं उघडं लाकूड.
हे माझ्या वेळी नव्हतं.
मान इतकी गुळगुळीत झालेली की
बोटं आपसूक खाली घसरली.

पारख करायची म्हणून पत्रा खोलला.
दिव्याखाली माझाच डाग:
फुगीर, एका बाजूला ओघळलेला.
तेव्हा मी प्यायचो, हात थरथरायचा.
ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.
मूळचेच ना?

हो, मी म्हणालो.

दुसऱ्यांदा तेच खोटं. फक्त या वेळी
पैसे माझ्या खिशातून गेले:
मूळच्या मालाचा भाव, पाच हजार.
आणि तरीही, सवय बघा,
पट्टा दिसत नाही, मी म्हणालो, वीस कमी करतो.
पट्टा मी ठेवलाय, ती म्हणाली. चालेल.
नोटा तिनं दोनदा मोजल्या. बरोबर केलं.

तिचा ट्रक तीनदा खोकला, मग लागला.

रात्री तार जोडली.
ते चहात बुडवलेले पिकअप गुणगुणत होते,
जुन्या फ्रिजसारखे.
एक सूर छेडला. वाईट नव्हता.
मला वाटत होतं वाईट असेल,
अकरा वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

जाहिरात लिहायला बसलो.
रंग झिजलेला. पेटी मूळची, मूठ दुरुस्त केलेली.
पिकअप बदललेले.
इथं थांबलोय.
कुणी बदलले, असं विचारतील.
गिऱ्हाइकं विचारतातच.