उकंडा

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
याच्या दंडातून चार नळ्या रक्त घेतलं.
जांभळ्या बुचाच्या दोन, लाल बुचाची एक,
चौथीचं बूच मला दिसलं नाही,
मी खिडकीतून वणीच्या रस्त्यावरचे
कोळशाचे टिप्पर मोजत होते.

पाट लावून आले तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं
पहिल्या घरून काय काय घेऊन आले ते.
एक पितळी गुंड, दोन लुगडी, अन् हे.
चार वर्षं आम्ही एका गोधडीत झोपलो.
मग पोट राहिलं, मग तपासणी,
मग दोन कागद.
माझ्यावर लाल शाईचा गोल,
याचा कोरा.

मेश्राम मॅडम म्हणाल्या, पुन्हा तपासू.
पोरगी रांगायला लागली, तपासलं.
शाळेत गेली, तपासलं.
हा कोराच.

जाऊ म्हणाली, हात लावत नसेल तिला.
सासूनं माझी ताटली वेगळी मांडली.
हा रोज तीच ओढून घ्यायचा
अन् माझ्या उष्ट्या भाकरीनं वरण पुसायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एखाद्याच्या रक्ताला दारच नसतं.
रोग येतो, कडी चाचपतो, परत जातो.
तसं असेल. नसेलही.
आम्हालाही अजून कळलेलं नाही.
हे म्हणाल्या, तेव्हा त्या मला आवडल्या.

हा जिनिंगमधून तसाच आलेला,
भुवयांवर रुई.
हसून म्हणाला, "माह्या आंधी तीन लेकरं गेली, बाई.
मंग मायनं मले उकिरड्यावर लोळवलं,
नाव बी तेच ठेवलं.
मरन येते, पाह्यते,
मनते, हा तं कचरा होय, राहू द्या."
बाईंनी तेही लिहून घेतलं.

तरी निरोधचं पाकीट दिलंच.
दार नसलं तरी कुंपण असू द्या म्हणाल्या.

रात्री नऊला मोबाइल वाजतो.
हा गोळी काढतो, पाणी देतो,
मी गिळेपर्यंत उभा राहतो.
कधी कधी मला याचा राग येतो.
एकच गोधडी होती ना?
माझ्या मायनं नाव हौसेनं ठेवलं, सुगंधा.
तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आज तो लवकर झोपला.
कोपराच्या लवणीत कापसाचा बोळा तसाच चिकटलेला,
दिवसभर कापसातच असतो,
जाणवला नसेल.
मी तो काढला.
मधोमध तांबडा ठिपका, मोहरीएवढा.
दिव्याजवळ नेऊन पाहिला बराच वेळ.
माझ्यासारखाच होता.