मंगळवारचा नंबर

सतरावा नंबर. चिठ्ठीवर निहालसिंह, वय चोवीस, मुरैना.
आत आली ती ओढणी सावरत
आणि खुर्चीच्या काठावर बसली,
कुणी उठवेल या तयारीनं.
"निहारिका लिहाल?"
लिहिलं. तेवढं सोपं होतं.

मग पिशवीतून वही निघाली,
शाळेची, मागे पाढे छापलेली.
तारीख, गोळी, किती घेतली, काय झालं.
पाळणा लांबवायच्या सरकारी गोळ्या, फुकटातल्या,
रोज सहा.
कुणी सांगितलं?
"गुरूनं. तिला तिच्या गुरूनं."
मी पोटऱ्या दाबून पाहिल्या.
सूज नव्हती.

तीस वर्षं कंपूवर ग्रंथी तपासतेय.
थायरॉइडचा गळा मला अंधारात कळेल.
इन्सुलिनचं एक युनिट इकडचं तिकडे होऊ देत नाही.
आणि हिच्याबद्दल मला शिकवलेलं सगळं
न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, अर्धं पान,
गुन्ह्यांच्या प्रकरणात,
परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेलं.

"पाच डॉक्टर झाले," ती म्हणाली.
"झाशीचे तर पंख्याकडे बघून बोलले,
आमच्याकडे होत नाही."
मीही पंख्याकडेच बघत होते.
वाक्य जिभेवर होतं, इस्त्री करून ठेवलेलं.

तिच्याकडे पत्र होतं, दिल्लीच्या मानसोपचारवाल्यांचं,
लॅमिनेट केलेलं.
सत्तेचाळिसाव्या वर्षी, घामानं उशी भिजायची तेव्हा
हेच इस्ट्रोजेन मी स्वतःला लिहून दिलं होतं
दोन पेशंटांच्या मध्ये, चहा निवायच्या आत.
माझ्याकडे कुणी पत्र मागितलं नाही.
आणि ती दुसरी गोळी, पाणी काढणारी,
ती तर अर्ध्या लष्करातल्या आजोबांना
मीच चालू केलीय.

"मला हे येत नाही," मी म्हणाले. "अजून.
वहीतल्या गोळ्या आजपासून बंद.
लिव्हर, पोटॅशियम करून घे. मंगळवारी ये."
तिनं चिठ्ठीची घडी घातली, फार बारीक,
पुन्हा उघडायची नसते तशी.

रात्री दोनपर्यंत वाचलं.
पुण्याच्या वर्गमैत्रिणीला उठवलं.
ती आधी हसली, मग म्हणाली, पेन घे.
मात्रा लिहिल्या, खोडल्या, लिहिल्या,
इंटर्नशिपमधल्यासारखी
बोटाला शाई लागली.

मंगळवार. चार. साडेचार.
हरगोविंद दोनदा दाराबाहेर डोकावून आला,
मी सांगितलं नव्हतं.
पाचला ती आली. रिपोर्ट होते.
तिच्या खांद्यावर हात टेकून आणखी एक,
माझ्याच वयाची, नाकात मोठी चमकी, लंगडत.
"आधी हिला बघा," निहारिका म्हणाली.
"माझी गुरू."

बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत घेतली,
तोंड भिंतीकडे करून.
मी ड्रॉवरमधून टेप काढली.
डावी चौतीस.
उजवी साडेअडतीस.