पालथा हात

तिसऱ्या वर्षी यादीत माझा नंबर सत्ताविसावा.
जागा चोवीस.
मग एकाचा गुडघा गेला,
एक लग्न करून ॲरिझोनाला गेला,
एक नुसताच फोन उचलेना.
फेब्रुवारीतल्या मंगळवारी, राईचे पाव भट्टीतून काढताना,
डलूथच्या अग्निशमन दलातून निरोप आला :
सोमवारी, सकाळी साडेसहा. केस बांधून या.

त्याआधीची दोन वर्षं
पालथ्या घड्यावर पाणी.
पहिल्यांदा पुतळ्याने पाडलं, आठ सेकंदांनी.
पंचाहत्तर किलोचा रबरी माणूस,
काखांत हात घालून मागे मागे ओढायचा.
तो जरासुद्धा मदत करत नाही.
दुसऱ्यांदा पुतळा निघाला,
पण जिन्यावर श्वास संपला.

मग वर्षभर, पहाटे पाळी उरकली की
मैद्याची दोन पोती एकाला एक बांधून
बेकरीमागच्या बर्फातून ओढायची.
मालक पेकालाने खिडकीतून पाहिलं, बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर
सगळा बर्फ फावड्याने बाजूला केलेला,
मला सोपं जावं म्हणून.
उघड्या काँक्रीटवर पोती दुप्पट जड झाली.
मीही बोलले नाही.

शिडीची भीती होती, आगीची थोडी.
मास्कची असेल असं मात्र
एकदाही मनात आलं नव्हतं.
काचेवर काळा कागद, गुडघ्यांवर रांगत जायचं,
तारांचं जाळं, भिंत, पुन्हा भिंत,
आणि कानात आपलाच श्वास,
कुणीतरी पाठलाग करत असल्यासारखा.
मी मास्क ओरबाडून काढला.
कॅप्टन वुकेलिच उभे होते, हातात घड्याळ.
"मेलीस," ते म्हणाले,
बस चुकली हे सांगावं तसं.
"पुन्हा."

त्या दिवशी दुपारी थॉरसन नावाच्या मुलाने
हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि घरी गेला.
जेवताना त्याच्या खुर्चीकडे
कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं.

देजार्ले फाँ द्यू लाकचा, बावीस वर्षांचा,
माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.
रात्री पार्किंगमध्ये त्याने आपली लोकरी टोपी
माझ्या डोळ्यांवर ओढली,
हातमोज्यांत होजचा जोड ठेवला.
"सांग, दार कुठे?"
गुळगुळीत. मग उंचवटा. मग उंचवटा.
"त्या बाजूला पंप. त्या बाजूला गाडी. त्या बाजूला आभाळ.
हे हातांना कळलं पाहिजे, तुला नाही."
मग म्हणाला, श्वास मोजू नकोस, गुणगुण.
हवा पुरते.

मला गाणं येत नाही.
त्या काळोख्या खोलीत मी गुणगुणले :
राई चार, मैदा सहा, मीठ चिमूटभर कमी,
आंबवणाचं पाणी कोमट, हाताला लागेल न लागेल असं.
कणीक तिंबत तिंबत
अकराव्या मिनिटाला बाहेर आले.
वुकेलिच घड्याळ बघत राहिले.
टाकीत हवा उरली होती.
त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही,
फक्त वहीत पेन्सिल थोडी जास्त दाबली.

एक गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली :
बंद दाराला तळवा लावू नका, पालथा हात लावा.
भाजला तर भाजो.
पकडायला तळवा लागतो.

डिसेंबर. पहिलीच रात्रपाळी.
संडास घासून झाला होता, घंटा वाजली.
चौथा मजला, जिन्यात पातळ धूर,
पाठीवर टाकी, मागे देजार्ले.
दुसऱ्या मजल्यावरच मला वास कळला होता,
तरी हातमोजा काढला,
दारावर पालथा हात ठेवला.
गार.

मिसेस लुंडक्विस्ट, गाऊनमध्ये, टोस्टरपुढे उभ्या.
"राईचा होता," मी म्हणाले, "जाड कापलात."
त्यांनी आमच्याकडे पाहिलं, चौघांकडे,
कुऱ्हाडीकडे, होजकडे.
"अहो, एका पावासाठी एवढे जण?"

मी खिडकी उघडली. बाहेर उणे एकोणीस.
खाली गाडीचं इंजिन सुरूच होतं.